रक्ताचे माहेर

सोलापूरच्या क्रीडा संकुलात शालेय खो-खो स्पर्धेची नोंदणी चालू होती. नोंदणीच्या टेबलावर पानाच्या डब्यापेक्षा लहान असे एक यंत्र ठेवले होते. सगळे त्याला 'रक्तपारखी' म्हणत. त्यावर बोट टेकवले की मुंगी चावल्यासारखे व्हायचे, आणि त्या थेंबभर रक्तावरून यंत्र सांगायचे, अंगात लोह पुरेसे आहे का, कसला संसर्ग आहे का, रक्त बाईचे की पुरुषाचे, आणि वय साधारण किती. वय चोरून खेळवल्या जाणाऱ्या मुलांमुळे ते आणावे लागले होते. नियम असा होता की मैदानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने बोट टेकवायचे, प्रशिक्षकांनीसुद्धा.

शैलजा बिराजदार यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुली एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते. यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटली: पुरुष, वय एकोणीस ते एकवीस. टेबलामागच्या कारकुनाने साठीला टेकलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या शैलजाताईंकडे पाहिले, यंत्र पुसले आणि त्यांना पुन्हा बोट टेकवायला सांगितले. पुन्हा तेच आले.

"यंत्र बरोबर आहे," शैलजाताई म्हणाल्या. "रक्तापुरती मी पोरगाच आहे. तुम्ही माझं ओळखपत्र बघून लिहा."

मुली हसल्या. मॅडमच्या रक्ताची गोष्ट त्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की नव्या मुलीला त्याच ती सांगत.

चाळिशी ओलांडल्यावर शैलजाताईंना रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांनी तो आटोक्यात आला, पण पुन्हा उलटू नये यासाठी हाडांतला सगळा मगज नव्याने भरणे हाच उपाय होता. मगज म्हणजे रक्ताचा कारखाना. तिथल्या मूळपेशी आयुष्यभर दुभंगत, एकीच्या दोन होत राहतात. त्यांच्यातूनच तांबड्या, पांढऱ्या अशा सगळ्या रक्तपेशी तयार होतात. शैलजाताईंच्या मगजाशी जुळणारा दाता सापडला नाही. सापडली ती मिरजेच्या नाळरक्तपेढीत गोठवून ठेवलेली एक पिशवी. कुठल्याशा बाळाच्या जन्मानंतर, वारेबरोबर एरवी फेकून दिले जाते ते नाळेतले रक्त. ते चांगले जुळत होते, पण होते वाटीभर. एखाद्या लहान मुलाला पुरले असते. पाच फूट सात इंचांच्या क्रीडाशिक्षिकेला नाही.

पेढीतल्या डॉ. इरफाना मुजावर त्या वेळी नेमक्या याच अडचणीच्या मागे लागल्या होत्या. मूळपेशी बाहेर वाढवता येत, पण वाढता वाढता त्या मोठ्या होऊन जात. कोणी तांबडी पेशी होई, कोणी पांढरी, आणि मग आपापले आयुष्य संपवून मरून जात. कोरी राहील अशी पेशी उरत नसे. मुजावरांनी हाडाच्या आतल्या जाळीसारखे अस्तर असलेले एक भांडे तयार केले. त्या अस्तराला चिकटून राहिलेल्या पेशी दुभंगल्या तरी कोऱ्याच राहत. त्यांनी त्याला वाढपात्र असे साधे नाव दिले. वाटीभर रक्तातल्या पेशी त्यात वाढवून ज्या पहिल्या प्रौढ रुग्णाला दिल्या, त्या शैलजाताई. काही महिन्यांत त्यांचा रक्तगट बदलला. पुढच्या वर्षी त्या मैदानात परतल्या, आणि आता वाढपात्रे देशभर पोहोचली तरी पहिल्या रुग्णाची खुशाली विचारणारा मुजावरांचा फोन दर दिवाळीला येत असे.

स्पर्धेच्या त्या आठवड्यात फोन आला तेव्हा दिवाळी लांब होती. सोलापूरच्या मुलींनी अंतिम सामना जिंकला होता आणि राज्य स्पर्धेसाठी नाशिकला जायचे म्हणून शैलजाताई कोणती मुलगी कुठे बसवायची याच विचारात होत्या. मुजावर म्हणाल्या की फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही, मी सोलापूरला येते. शैलजाताईंना वाटले, तपासणीत काहीतरी निघाले. त्यांनी यजमानांना, शिवानंदरावांना, काही सांगितले नाही. फक्त पाहुणीसाठी पुरणाचा घाट घातला.

मुजावर आल्या, जेवल्या आणि मग बोलल्या. ज्या बाळाच्या नाळेचे रक्त शैलजाताईंना दिले होते ते बाळ आता एकोणीस वर्षांचे झाले होते. वर्षभरापूर्वी त्याच्या मगजाने काम करणे थांबवले. त्याच्याच प्रतिकारशक्तीने स्वतःच्या मूळपेशींना परके ठरवून मारून टाकले होते. उपचार करून पाहिले. दुसऱ्या एका बाळाचे नाळरक्त वाढवून दिले, तर त्याच्या शरीराने तेही फेकून दिले. इतक्या वेळा इतक्या लोकांचे रक्त चढवून झाले होते की आता जराशीही परकी पेशी त्याला चालत नव्हती.

"त्याला फक्त त्याचंच रक्त चालेल," मुजावर म्हणाल्या. "आणि त्याचं निरोगी रक्त जगात एकाच ठिकाणी आहे. तुमच्यात."

तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पिशवीतले सगळेच रक्त वाढपात्रात घातले होते, मागे काही ठेवले नव्हते, हेही त्यांनी सांगितले. दात्याचे नाव रुग्णाला आणि रुग्णाचे नाव दात्याला सांगायचे नाही, असा पेढीचा नियम होता. नीतिसमितीने नाव न सांगता विचारायची परवानगी दिली होती. तुम्ही नाही म्हणालात तर ते तिकडे कधीच कळणार नाही, असे मुजावरांनी पुन्हा पुन्हा बजावले.

शैलजाताईंनी एकच गोष्ट विचारली. त्या मुलाचा आजार त्याच्या रक्तातच जन्मापासून असेल, तर तो आपल्यालाही व्हायला नको होता का? मुजावर म्हणाल्या की समितीनेही पहिल्यांदा तेच विचारले. शैलजाताईंच्या अंगात त्याच पेशी इतकी वर्षे विनातक्रार काम करत होत्या, म्हणजे पेशींमध्ये दोष नव्हता. आजार मुलाला नंतर कशाने तरी जडला होता. त्यांची ठणठणीत तब्येत हाच त्या मुलाच्या आशेचा पुरावा होता.

"मग विचारता काय?" शैलजाताई म्हणाल्या. "त्याचं त्याला द्यायचं आहे."

मिरजेला जाऊन त्यांनी काही दिवस इंजेक्शने घेतली. त्यामुळे हाडांतल्या मूळपेशी सैल होऊन रक्तात उतरतात आणि यंत्रातून गाळून घेता येतात. शैलजाताईंचे अंग मोडून आल्यासारखे दुखत होते, पण त्यांनी ते मुलींच्या सरावात पडल्या-धडपडल्याइतकेच मानले. अडचण वेगळीच निघाली. गाळून आलेल्या मूळपेशी फारच थोड्या होत्या. वय, आणि पूर्वी घेतलेली जहाल औषधे, यांचा तो परिणाम असावा. वाढत्या अंगाच्या मुलाला त्या पुरणे शक्य नव्हते. त्या पुन्हा वाढवायला हव्या होत्या.

एकदा वाढवलेल्या, मग माणसाच्या शरीरात इतकी वर्षे राहून आलेल्या पेशी पुन्हा वाढवण्याचा प्रसंग तोवर कोणावर आला नव्हता. मुजावरांनी त्या नव्या, सुधारलेल्या वाढपात्रात ठेवल्या. पेशी जिवंत होत्या, अस्तराला चिकटून होत्या, पण दुभंगत नव्हत्या. मुजावरांनी पोषणद्रव बदलून पाहिला, तापमान बदलून पाहिले. आठवडा गेला. तिकडे मुलाला न्यूमोनियाची सुरुवात झाली होती, आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नसलेल्या शरीरात न्यूमोनिया म्हणजे काय हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत होते.

मग मुजावरांच्या मनात आले की आपण पेशींकडे बघतो आहोत, त्यांच्या घराकडे नाही. शैलजाताईंचे रक्त बदलले होते, पण त्यांची हाडे त्यांचीच होती. हाडातल्या पोकळीत मूळपेशींना बिलगून काही आधारपेशी असतात. कधी दुभंगायचे, कधी थांबायचे, याची खूण त्या देतात. त्या आधारपेशी जन्मापासूनच्या शैलजाताईंच्याच होत्या. या मूळपेशी इतकी वर्षे त्यांच्याच सोबतीने जगल्या होत्या. कदाचित कारखान्यात बनवलेले अस्तर त्यांना आता ओळखीचे वाटत नसेल.

त्यांनी पुन्हा सोलापूरला फोन केला. आता कमरेच्या हाडात सुई घालून मगजाचा तुकडा घ्यावा लागणार होता. रक्त गाळण्याइतके ते सोपे नव्हते. एकदा कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या साठीच्या बाईला भूल देण्यात थोडा धोका होताच. आणि काम ताबडतोब व्हायला हवे होते. त्याच आठवड्यात नाशिकची राज्य स्पर्धा होती.

शिवानंदराव शांत स्वभावाचे गृहस्थ होते, पण या वेळी ते बिथरले. पहिल्या खेपेला त्यांनी विरोध केला नव्हता. आता त्यांना वाटत होते की हे असेच चालू राहील. आज रक्त, उद्या हाड, परवा आणखी काही. त्या मुलाबद्दल त्यांना वाईट वाटत होते, पण शैलजाताईंच्या आजाराचे ते दिवस त्यांनी उशापाशी बसून काढले होते आणि ते पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती.

"त्याचं होतं ते तू त्याला दिलंस," ते म्हणाले. "आता मागतायत ते तुझं आहे. यात त्याचा काही हक्क नाही."

शिवानंदरावांचे म्हणणे खरे होते, हे शैलजाताईंना कळत होते. परतफेड म्हणून जे करायचे ते करून झाले होते. नाही म्हटले असते तर कोणी नाव ठेवले नसते, मुलींसोबत नाशिकला जाता आले असते. त्यांच्या संघाने इतक्या वर्षांत याआधी कधी राज्य स्पर्धा गाठलीच नव्हती.

"हक्क नाही हे बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आधीचं त्याचंच होतं, ते द्यावंच लागलं. हे मी देईन म्हटलं तरच जाणार आहे."

शिवानंदराव उठले आणि मिरजेला नेण्याची पिशवी भरू लागले. मुलींना घेऊन नाशिकला कोणी जायचे हा प्रश्न होता. शैलजाताईंचीच एक जुनी विद्यार्थिनी, आता शेजारच्या शाळेत क्रीडाशिक्षिका असलेली पल्लवी, तयार झाली. मुलींना मॅडमनी खरे कारण सांगितले. कर्णधार मुलीला रडू आले, पण तिनेच मग बाकीच्यांना दटावले.

सुई घातली ती जागा पुढे महिनाभर दुखत राहिली. पण त्या तुकड्यातल्या आधारपेशींचे अस्तर मुजावरांनी वाढपात्रात लावले, त्यावर गाळून घेतलेल्या मूळपेशी सोडल्या, आणि दोन-तीन दिवसांतच सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीच्या दोन झालेल्या दिसल्या. मुजावर स्वतः तिथून हलल्या नाहीत. दोनाच्या चार झाल्या. मग मोजण्याची गरज राहिली नाही. दुपारी त्यांनी शैलजाताईंच्या खोलीत येऊन फक्त त्यांचा हात दाबला. त्याच दुपारी नाशिकहून पल्लवीचा फोन आला की मुली उपांत्य फेरीत एका गुणाने हरल्या, पण शेवटच्या डावात असे पळाल्या की समोरच्या संघाचे लोकही उभे राहून टाळ्या वाजवत होते. शैलजाताईंनी फोन कानाशी धरून सगळा सामना पहिल्यापासून ऐकला.

मुलाला पेशी दिल्या त्या दिवशी शैलजाताई सोलापूरला परतल्या होत्या. त्याच्याबद्दल विचारायचे नाही असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता, तरी दर सकाळी त्या फोनकडे बघत. मुजावरांचे निरोप नावाशिवाय येत. न्यूमोनिया उतरतो आहे. ताप नाही. मग एके दिवशी आला: पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. शैलजाताईंनी तो शिवानंदरावांना वाचून दाखवला. शिवानंदराव म्हणाले, दिसणारच, आणि उगाच बागेत पाणी घालायला गेले, जरी सकाळीच घालून झाले होते.

काही महिन्यांनी पेढीने दोन्ही बाजूंना विचारले की एकमेकांना भेटायचे आहे का. दोन्हीकडून होकार आला, आणि एका रविवारी मिरजेला मुजावरांच्या खोलीत ही मंडळी भेटली. मुलाचे नाव कैवल्य गुरव. कऱ्हाडचा. लिफ्टदुरुस्तीचे काम शिकत होता. डोक्यावर नुकतेच केस फुटू लागले होते. बरोबर आई दीपाली होती. शैलजाताई आणि शिवानंदरावांनी सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. मुजावरांनी चटणी बेताने खायला सांगितली आणि कैवल्यने ती तशी खाल्ली नाही.

एकमेकांना काय म्हणायचे हे ठरलेले नव्हते. कैवल्यने मावशी म्हणून पाहिले, मग आजी, आणि शेवटी मॅडमवर आला. शैलजाताईंना ते बरे वाटले. त्याला शाळेत खो-खोच्या संघात घेतले होते पण तो नेहमी राखीव असायचा, हे कळल्यावर त्यांनी त्याला उभा करून त्याच्या पायाची ठेवण पाहिली आणि कुठे चुकत असेल ते सांगितले. तो मन लावून ऐकत होता.

दीपाली मात्र शैलजाताईंच्या हातावरच्या शिरांकडे बघत होती. मग तिने सांगितले की बाळंतपणाच्या वेळी नर्सने विचारले होते, नाळेतले रक्त देणार का, नाहीतर ते टाकूनच देतात. तिने हो म्हटले, आणि घरी गेल्यावर विसरून गेली. त्यानंतर कैवल्य रांगला, चालला, शाळेत गेला, आणि आपण टाकाऊ म्हणून देऊन टाकलेले, त्याच्याएवढ्याच वयाचे काहीतरी सोलापुरात मैदानावर धावत होते, हे तिला अजून नीट पचत नव्हते. तिने शैलजाताईंचा हात हातात घेतला. नाडी लागते का बघितल्यासारखा थोडा वेळ धरला आणि सोडला.

निघण्याआधी मुजावरांनी एक विषय काढला. कैवल्यला देऊन झाल्यावर वाढपात्रात पुष्कळ पेशी उरल्या होत्या. त्या गोठवून ठेवल्या होत्या. नांदेडच्या एका रिक्षावाल्याला त्या जुळत होत्या. त्याला दुसरे काही जुळत नव्हते. पण द्यायच्या तर संमती कोणाची घ्यायची हे समितीला ठरवता आले नव्हते. पेशी जन्माने कैवल्यच्या होत्या. वाढल्या होत्या शैलजाताईंच्या अंगात, आणि त्यांच्याच हाडाच्या आधाराने.

"मॅडमना विचारा," कैवल्य म्हणाला.

"त्याचं आहे, त्याला विचारा," शैलजाताई म्हणाल्या, जवळजवळ त्याच वेळी.

मुजावरांनी हसून दोघांचीही संमती घेतली. तेवढ्याने प्रश्न सुटला नव्हता, पण नांदेडच्या माणसाचा सुटला होता. सगळे उठले. शिवानंदरावांनी कैवल्यच्या पिशवीत उरलेल्या भाकऱ्या कोंबल्या. शैलजाताईंनी त्याला केस नीट आले की सोलापूरला ये, मुलींबरोबर पळवते, असे बजावले.

दीपाली दारापर्यंत गेली आणि थांबली. मुजावरांकडे वळून तिने विचारले की त्या पेशी तपासून त्यांचे वय सांगता येते म्हणतात, ते खरे का. मुजावर म्हणाल्या, साधारण सांगता येते; त्या कैवल्यएवढ्याच आहेत, थोड्या जास्त थकल्यात इतकेच, आणि वाढपात्रातून निघाल्यावर तर तेवढ्याही थकलेल्या दिसत नाहीत. असे का होते ते त्यांना अजून उमगले नव्हते. दीपालीने ते ऐकून घेतले. बाहेर आवारात कैवल्य शैलजाताईंना आपली गाडी दाखवत होता.

"हा माझ्या डोळ्यांदेखत मोठा होईल, मग म्हातारा होईल. ते होऊ दे," दीपाली म्हणाली. "पण याच्याबरोबर जन्मलेलं ते, मॅडमकडून त्या रिक्षावाल्याकडे, तिथून आणखी कुणाकडे असं जातच राहिलं, तर डॉक्टर, ते कधी म्हातारं होणार आहे का?"